एलेरियम तक्त्यात कुठं बसतं?

बेळगावच्या पिरनवाडी, मच्छे, उद्यमबाग या पट्ट्यातल्या आईवडिलांना, त्यांच्या शाळकरी मुलांना आणि त्या मुलांच्या शिक्षकांना एक विनंती करायची आहे. घरात कुणी अंतराळातल्या लढायांचे खेळ खेळत असेल तर रागावून ते बंद करू नका. त्या खेळातलं यान कशावर चालतं, एवढं एकदा जवळ बसून विचारा. जे नाव कानावर येईल ते घेऊन मूलद्रव्यांच्या तक्त्यापाशी जा आणि त्याची जागा शोधा.

"जेवायला ये की रे," अशी हाक गेली आणि आतून "थांब की गे आई, एलेरियम संपायलंय," असं उत्तर आलं, अशा घरांसाठी हे लिहितो आहे.

एलेरियम-११५ हे १९९४ साली आलेल्या 'एक्स-कॉम' या खेळातलं इंधन. परग्रहवासीयांची यानं त्यावर उडतात. पृथ्वीवर ते बनवता येत नाही, पाडलेल्या यानातून काढून आणावं लागतं. 'मास इफेक्ट'मध्ये 'एलिमेंट झीरो' आहे, 'स्टारक्राफ्ट'मध्ये जमिनीतून उसळणारा वेस्पिन वायू आहे, 'कमांड अँड कॉन्कर'मध्ये शेतासारखं पसरत जाणारं स्फटिकी टायबेरियम आहे. ही सगळी नावं रचलेली आहेत आणि त्यात काही वाईट नाही. गोष्ट रचायचीच असते. पण रचण्यातही फरक आहे. एखादी कल्पना निसर्गाचे नियम सांभाळत अगदी त्यांच्या कडेपर्यंत जाते, दुसरी तेच नियम मोडून पुढं सरकते. हा फरक ज्या मुलाला ओळखता येतो त्याला रसायनशास्त्र परकं वाटत नाही. आणि मोठेपणी त्याच्या दारात कुणी 'इरिडियमचं भांडं' घेऊन आला तर तो खिशात हात घालत नाही. त्या भांड्याकडे मी पुढं येणार आहे, कारण या सगळ्या लिहिण्यामागची खरी काळजी तीच आहे.

आणखी एक कारण आहे. एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून आवर्त सारणीचा धडा वगळला आणि २०२३ साली त्यावर देशभर बरीच चर्चा झाली. अकरावीला विज्ञान घेणाऱ्यांना तो धडा पुढं भेटतो. पण आपल्याकडची कितीतरी पोरं दहावीनंतर आयटीआयला जातात, कॉमर्सला जातात, थेट कारखान्यात लागतात. ज्यांच्या हातून आयुष्यभर लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम जाणार, त्यांचीच या तक्त्याशी ओळख राहून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. छापील तक्ता शाळेच्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो. तो घरी आणा आणि कॅलेंडरच्या शेजारी लावा.

आता ११५ शोधा. जागा सापडेल. तिथं मॉस्कोव्हियम लिहिलेलं आहे.

ही गंमत कशी झाली ते सांगतो. १९८९ साली अमेरिकेत बॉब लाझार नावाच्या माणसानं लास व्हेगासच्या एका टीव्ही वाहिनीवर सांगितलं की नेवाडाच्या वाळवंटातल्या एका गुप्त तळावर उडत्या तबकड्या ठेवल्या आहेत आणि त्या ११५ व्या मूलद्रव्यावर चालतात. त्या वेळी प्रयोगशाळांनी तक्ता १०९ पर्यंत भरत आणला होता, त्यामुळं ११५ ही जागा रिकामी होती आणि तिथं काय हवं ते ठेवायची मोकळीक होती. खेळ करणाऱ्यांनी तोच आकडा उचलला. पुढं २००३ साली रशियातल्या दुबना इथं शास्त्रज्ञांनी अमेरिसियमवर कॅल्शियमचे अणू आदळवून ११५ खरोखर तयार केलं. हाताला लागले ते अवघे चार अणू. २०१६ साली त्याला मॉस्कोव्हियम हे नाव मिळालं. त्याचा आजवर मिळालेला सर्वात टिकाऊ प्रकारही अर्ध्याहून जास्त संपायला पुरतं एक सेकंद घेत नाही. टाकीत भरून ठेवायचं म्हटलं तर झाकण लावेपर्यंत टाकी रिकामी झालेली असेल.

म्हणून लगेच एलेरियम निकालात काढू नका. जाणकार मुलगा इथं वाद घालेल आणि त्यानं घालावाच. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. त्यांच्या ठरावीक संख्या जुळून आल्या की गाभा जास्त टिकतो. साधारण ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉन यांच्या आसपास असं एक 'स्थैर्याचं बेट' असावं, असं शास्त्रज्ञ गेली अनेक दशकं मांडत आले आहेत. आपल्याकडं तयार झालेल्या मॉस्कोव्हियममध्ये जास्तीत जास्त १७५ न्यूट्रॉन आहेत, म्हणजे नऊ कमी पडतात. परग्रहवाल्यांना ते नऊ न्यूट्रॉन भरता आले असं खेळानं म्हटलं, तर मी ते ऐकून घेईन. बेटावर पोचल्यावर तो अणू किती काळ टिकेल याचे अंदाज मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. आणि टिकला तरी त्यातून ऊर्जा निघणार ती जड अणू फुटल्यावर निघते तेवढीच, किलोमागं युरेनियमच्या आसपास. चमत्कार त्यातून होणार नाही.

इथं एक गोष्ट पोरांनी पक्की करून घ्यावी. 'परग्रहावर आपल्याला ठाऊक नसलेली मूलद्रव्यं असतील' हे वाक्य खेळांत, सिनेमांत, व्हॉट्सॲपवर सारखं येतं आणि ते चुकीचं आहे. १९१३ साली हेन्री मोझ्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं क्ष-किरणांच्या मदतीनं दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याला एक पूर्ण आकडा आहे. तो आकडा म्हणजे गाभ्यातले प्रोटॉन. पुढं दोनच वर्षांनी, २७ व्या वर्षी, गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. पण त्यानं मागं ठेवलेली मोजणी अशी आहे की २६ आणि २७ च्या मध्ये कुणालाच घुसता येत नाही. साडेसव्वीस प्रोटॉन असूच शकत नाहीत. आज १ ते ११८ मध्ये एकही जागा रिकामी नाही. नवं काही सापडलंच तर ते ११८ च्या पलीकडं, जिथं अणू जन्मताच मोडतो. मंगळावर जा, दुसऱ्या दीर्घिकेत जा, हीच यादी लागू आहे.

"कशावरनं?" असं कुणी विचारलं तर ते मला फार आवडेल. कारण त्याचं उत्तर आपल्या पायाखालच्या रस्त्यावर आहे.

उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या एखाद्या फाउंड्रीत घरचं कुणी कामाला असेल तर त्यांना 'स्पेक्ट्रो' विचारा. भट्टीतला रस साच्यात ओतायच्या आधी त्यातला थोडासा काढून नाण्याएवढा नमुना पाडतात, त्याचा पृष्ठभाग घासतात आणि तो यंत्रावर ठेवतात. यंत्र त्यावर ठिणगी पाडतं. त्या ठिणगीचा उजेड फोडून त्यातल्या रेषा वाचल्या जातात आणि मिनिटाभरात पडद्यावर येतं: कार्बन इतका, सिलिकॉन इतकं, मँगनीज, गंधक, फॉस्फरस इतकं. कार्बन कमी पडला तर तो भट्टीतच घालून रस सुधारतात. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपल्या ठरलेल्या रंगाच्याच रेषा देतं, एकाच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत. या एका गोष्टीवर आपल्याकडच्या ओतकामाचा दर्जा उभा आहे. तीच गोष्ट ताऱ्यांना लावली की तारा कशाचा बनलाय ते कळतं. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकांच्या उजेडातही आपल्याच हायड्रोजनच्या, कॅल्शियमच्या, लोखंडाच्या रेषा दिसतात.

आणि आता जमखंडी. आज बागलकोट जिल्ह्यात असलेलं हे गाव तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून विजापूर, जमखंडी भागातून गुंटूर, मच्छलीपट्टणकडं गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं पाठवलेलं उपकरण घेऊन सर्वेक्षण खात्यातले लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला थांबले होते. ऑगस्ट महिना, आभाळ भरलेलं. ढगांच्या फटीतून मिळाल्या तेवढ्या क्षणांत त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांत लाल, नारिंगी आणि निळी अशा ठळक रेषा दिसल्या. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आणि मच्छलीपट्टणला पॉग्सन यांनीही ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातली नारिंगी-पिवळी रेषा सोडियमची असावी असं सहज वाटलं असतं. पण ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणाशिवायच ती रेषा पाहून नेमकी मोजली, तेव्हा ती सोडियमच्या जागी बसेना. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. फरक एवढुसा, पण तो बुजेना. पृथ्वीवर कुणीही न पाहिलेलं मूलद्रव्य सूर्यावर आहे, असं लॉकयर म्हणू लागले. त्याला हेलियम म्हटलं गेलं.

बघा, पृथ्वीबाहेरच्या अज्ञात मूलद्रव्याची गोष्ट खरी ठरली ती या एका वेळी, आणि तिच्यात आपल्या भागाचा वाटा आहे. पण ती कशी खरी ठरली तेही बघा. १८९५ साली विल्यम रॅमसे यांनी लंडनमध्ये युरेनियम असलेल्या एका खनिजावर आम्ल टाकलं, त्यातून वायू सुटला आणि त्याच्या उजेडात तीच पिवळी रेषा निघाली. सूर्यावरचं म्हणून ज्याची ख्याती झाली ते आपल्याच दगडात अडकून बसलेलं होतं. युरेनियम हळूहळू मोडताना जे कण बाहेर फेकतं तेच पुढं हेलियम होतात. हेच रॅमसे १९०० साली भारतात आले होते. जमशेटजी टाटांना जी विज्ञानसंस्था काढायची होती तिच्यासाठी जागा बघायला ते देशभर हिंडले आणि त्यांनी बेंगळुरूची शिफारस केली.

इथंच एका आवडत्या समजुतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकयर यांनी लावला, असं आपण अभिमानानं सांगतो. १८६८ साली लॉकयर इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर तीन वर्षांनी. किल्ल्याचं मोल त्यानं कमी होत नाही. त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन सोलापूर भागात जेऊरला गेले होते, ती गोष्ट आपण का सांगत नाही? मुलांना खेळातल्या इंधनाची चौकशी करायला सांगायची तर आपल्या अभिमानाच्या गोष्टींचीही चौकशी व्हायलाच हवी.

हेलियमच्या यशानं सगळ्यांना हुरूप आला. पुढच्याच वर्षी, १८६९ च्या ग्रहणात, सूर्याच्या बाहेरच्या तेजोवलयात, म्हणजे करोनामध्ये, एक हिरवी रेषा दिसली, ५३०.३ नॅनोमीटरवर. ती कशाशीच जुळेना, म्हणून आणखी एक नवं मूलद्रव्य: कोरोनियम. तक्ता बनवणाऱ्या खुद्द मेंडेलीव्ह यांनी पुढं त्याला हायड्रोजनच्याही अलीकडं जागा देऊ केली होती. तेजोमेघांतल्या हिरव्या रेषांना असंच नेब्युलियम नाव पडलं होतं. मोझ्लीच्या मोजणीनंतर या दोघांनाही बसायला जागाच उरली नाही. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवलं की नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. आणि १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून उलगडलं की कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. दहा लाख अंशांपलीकडच्या तापमानात लोखंडाची ती अवस्था होते. उद्यमबागेत रोज ओततात तेच लोखंड. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य-एल१ यानावर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं बांधलेलं जे उपकरण आहे, ते आज याच हिरव्या रेषेतून करोनाकडं बघतं.

म्हणून खेळ लिहिणाऱ्यांना माझं सांगणं असं की नवं मूलद्रव्य मागू नका, ओळखीच्या मूलद्रव्याची अनोळखी अवस्था मागा. निसर्गात तिला भरपूर जागा आहे. खनिजांचे सहा हजारांवर प्रकार माहीत आहेत आणि दरवर्षी नवे नोंदले जातात. ग्रॅफाइट आणि हिरा यांत मूलद्रव्य एकच. परग्रहावर कधी न पाहिलेला स्फटिक सापडला असं कुणी लिहिलं तर त्यात खोट काढता येणार नाही.

इंधनाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथं ऊर्जा कुठून आली याचा हिशेब द्यावा लागतो. पेट्रोल जळतं तेव्हा अणूंची बाहेरची जोडणी बदलते आणि एका किलोमागं साधारण ४५ मेगाज्यूल मिळतात. याच पद्धतीनं चालणारं कुठलंही इंधन, ते कुठल्याही ग्रहावरचं असो, याच्या फार तर काही पट जाईल. तारे ओलांडणारं यान त्यावर चालणार नाही. गाभ्यात हात घातला तरच मोठी ऊर्जा मिळते. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर सुमारे १,८०० टन पेट्रोलाइतकी.

गाभ्याचं गणित समजायला घाटाचा विचार करा. एका डोंगरावर हायड्रोजन बसला आहे, समोरच्या डोंगरावर युरेनियम, आणि मधल्या दरीच्या तळाशी लोखंड. हलके अणू जोडत गेलात की तळाकडं उतरता, जड अणू फोडत गेलात तरी तळाकडंच उतरता, आणि उतरताना ऊर्जा मिळते. तळाशी पोचल्यावर उतार संपला. म्हणून लोखंडावर चालणारी अणुभट्टी कधीच होणार नाही, मग ते कितीही दूरच्या ताऱ्यावरचं असो. मोठा तारा मरतो तोही पोटात लोखंड साठल्यावरच.

आणि खरंच अंतराळातून आलेलं इंधन बघायचं असेल तर आपल्याजवळ कैगा आहे. कारवार तालुक्यातल्या त्या केंद्रात २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर त्या चालतात. पहिली अणुभट्टी ९६२ दिवस न थांबता चालून ३१ डिसेंबर २०१८ ला थांबवली तेव्हा तो जगातला विक्रम होता. तिथं जळणारं युरेनियम पृथ्वीवर तयार झालेलं नाही. सूर्य जन्मायच्या आधी कुठल्या तरी मेलेल्या ताऱ्यांच्या उत्पातात ते घडलं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पकडल्या गेल्या. ती टक्कर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर झाली होती. तिच्या उजेडात ताजं घडलेलं स्ट्रॉन्शियम ओळखू आलं आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनंही त्या जागेचा वेध घेतला. अशा लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. एलेरियमच्या गोष्टीत रमलेल्या पोराला हे सांगा. त्याला ते खेळाइतकंच थरारक वाटेल याबद्दल मला शंका नाही.

हेलियम-३ चं नाव खेळांतही येतं आणि बातम्यांतही. हे बनावट नाही, हेलियमचाच हलका प्रकार आहे, सूर्याकडून येऊन चंद्राच्या मातीत रुतलेला. पण किती? मातीच्या शंभर कोटी भागांत दहा-वीस भाग. दहा धरले तर एक टन मिळवायला दहा कोटी टन माती उकरून तापवावी लागेल. आणि त्याच्या संमीलनावर चालणारी अणुभट्टी आज जगात कुठंही नाही. बातमी वाचताना या दोन गोष्टी जवळ ठेवा.

खेळासाठी मला स्वतःला सर्वात पटणारं इंधन अजून कुठल्या खेळात भेटलेलं नाही, म्हणून ते नव्यानं खेळ बनवू पाहणाऱ्यांना देतो. हॅफ्नियम-१७८ चा एक उत्तेजित प्रकार आहे. त्याचा गाभा ताणलेल्या स्थितीत अडकून राहतो आणि त्याचं अर्धायुष्य ३१ वर्षं आहे. एका ग्रॅममध्ये जवळपास तीस किलो पेट्रोलाइतकी ऊर्जा. मागू तेव्हा ती सोडवता आली तर काय बहार होईल! १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेक्ससमधल्या एका गटानं दाताच्या डॉक्टरकडच्या क्ष-किरण यंत्रानं ती सोडवल्याचा दावा केला. इतरांनी जास्त ताकदीचे किरण टाकून पाहिलं, त्यांना काहीच मिळालं नाही. पुरावा नसल्यानं विज्ञानानं तो दावा बाजूला ठेवला. गोष्टीसाठी मात्र तिथं पुरेपूर जागा आहे: 'त्यांना किल्ली सापडली होती' एवढी एकच कल्पना करायची, बाकी सगळं खरं.

तेच 'एलिमेंट झीरो'ला लावून बघा. शून्य प्रोटॉन म्हणजे नुसते न्यूट्रॉन, आणि सुटा न्यूट्रॉन पाव तासाच्या आत-बाहेर मोडतो. त्यातून वीज सोडली की वस्तुमान कमी-जास्त होतं, असं खेळ सांगतो. हा सरळ नियमभंग आहे, पण त्या खेळानं एकच नियम मोडून बाकीचा हिशेब नेटका ठेवला आहे, हे मी मान्य करतो. आणि ज्या टायबेरियमला सगळे हसतात, जमिनीतले धातू शोषून वाढणारं, त्याच्या जवळ जाणारं एक झाड खरंच आहे. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या त्या झाडाचा चीक वाळवला तर त्यात जवळपास पाव हिस्सा निकेल निघतं.

जयंत नारळीकर कोल्हापूरचे. ज्यांनी ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी घडतात ते उलगडलं त्या फ्रेड हॉइल यांचे ते केंब्रिजमधले विद्यार्थी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावानं पाठवली आणि बक्षीस मिळवलं. आपल्या भाषेत विज्ञान सांभाळून गोष्ट सांगायची वाट अशी घालून दिलेली आहे. मच्छेला विद्यापीठ आहे, उद्यमबागेत इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथं शिकणारी पोरं खेळ बनवतात, बनवतील. त्यांनी या वाटेनं जावं.

आता ते भांडं.

'राईस पुलर' हा शब्द तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकला असेल. महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि दूर दिल्लीतही पोलिसांनी यातल्या टोळ्या पकडल्या आहेत. ओळखीतला कुणी तरी येतो. वीज पडलेलं जुनं तांब्याचं भांडं आहे म्हणतो, त्यात इरिडियम उतरलंय, ते तांदूळ ओढतं, अवकाश संशोधनवाले त्याला कोट्यवधी रुपये देतात, यानाचं इंधन त्यातून होतं. समोर तांदूळ सरकवून दाखवतात. मग 'शास्त्रज्ञ' येतो, किरणोत्सर्गाचा पोशाख घालतो आणि तपासणीची फी आगाऊ मागतो. फी गेली की माणसं गेली. जमीन विकून, दागिने मोडून, पतसंस्थेचं कर्ज काढून लोकांनी यात पैसे घातले आहेत आणि लाजेनं तक्रारही केलेली नाही. या माणसांना मूर्ख म्हणू नका. त्यांना एका चांगल्या रचलेल्या गोष्टीनं फसवलं आहे, आणि ती गोष्ट एलेरियमच्याच घराण्यातली आहे.

तक्ता काढा. इरिडियम ७७ वं. लपलेलं नाही, गुप्त नाही. सोन्याहूनही जड, घन सेंटीमीटरला साडेबावीस ग्रॅम. दुचाकीच्या भारी स्पार्कप्लगच्या टोकावर ते असतं आणि दुकानात पावतीवर मिळतं. पृथ्वीच्या कवचात ते फार थोडं आणि उल्कांत जास्त, एवढं खरं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आदळलेल्या लघुग्रहानं त्याचा पातळ थर जगभर पसरवला, तो १९८० साली ओळखला गेला. पण ते जळत नाही, फुटून ऊर्जा देत नाही आणि तांदूळ ओढत नाही. वीज पडल्यानं तांब्याचं इरिडियम होत नाही, कारण २९ प्रोटॉनचे ७७ करणं विजेच्या आवाक्यातलं काम नव्हे. तांदूळ सरकले तर त्यांना लोहचूर्ण चोळलेलं आहे आणि भांड्याखाली चुंबक आहे. पाण्यावर चालणाऱ्या मोटरसायकलचंही हेच. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन, त्याला पुन्हा जाळून काय मिळणार?

असं कुणी घरी आलं तर तीन गोष्टी करा. वस्तूचा एक तुकडा फाउंड्रीच्या स्पेक्ट्रोवर किंवा सराफाच्या तपासणी यंत्रावर तुमच्यासमोर तपासू द्या, असं म्हणा. तो नकार देईल. आगाऊ एक रुपयाही देऊ नका. आणि पोलीस ठाण्यात कळवा, ११२ वर फोन केला तरी चालतो. आधी पैसे दिले असतील तरीही कळवा, लाज बाळगू नका. तुमच्या तक्रारीनं पुढचं घर वाचतं.

शेवटची विनंती फाउंड्रीवाल्यांना. तुमच्या स्पेक्ट्रोच्या खोलीत वर्षातून एक दिवस आजूबाजूच्या शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांना येऊ द्या. भट्टीजवळ नेऊ नका, नुसत्या त्या खोलीत. एका पोराला नमुना यंत्रावर ठेवू द्या आणि पडद्यावर लोखंड, कार्बन, सिलिकॉन उमटताना सगळ्यांना बघू द्या. शिक्षकांनी आधी जमखंडीची गोष्ट सांगून ठेवावी आणि मुलांना आपापल्या खेळातल्या इंधनांची नावं लिहून आणायला सांगावं. यंत्र चालवणाऱ्या दादांनी ती नावं वाचून एकेकाला विचारावं, "हे कितव्या नंबरला?"